आईच्या फोटोंची वाटणी

आबांना माऊस अजिबात चालत नाही. रांजणगावच्या एका कंपनीत ते स्टोअरला होते. तिथला माऊस धुळीनं सारखा अडकायचा आणि नवा मागितला की साहेब 'बघू' म्हणायचे. शेवटी आबा सगळं काम कीबोर्डवरच करायला शिकले. आता रिटायर झाले तरी शिरूरच्या घरातला माऊस प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटावर ठेवलेला आहे.

मागच्या दिवाळीच्या आधी आई गेली. दिवाळीला आम्ही तिघं भावंडं जमलो, तेव्हा जेवणं झाल्यावर आबा म्हणाले, "तुमच्या आईच्या फोटूंची वाटनी करायची हाय." शुगरनं त्यांच्या डोळ्यांचे पडदे खराब केलेत. आहे तेवढी नजर टिकवू, गेलेली परत येणार नाही, असं पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. "दिसतंय तवर वाटून टाकतो. मागनं कुनाला काय दिलं ते मलाच कळायचं न्हाई."

दोघा भावांनी मान डोलावली. मी आईवर गेलेय, मला गप्प राहता येत नाही. म्हटलं, "आबा, ही काय जमीन आहे का? कॉपी करा. तिघांनाही सगळे फोटो मिळतील."

"एक वस्तू दोघांच्या नावावर लावली की भांडान हाय."

"फोटोवरून कोण भांडतंय?"

"बांधावरनं तरी कोन भांडंल आसं आमाला कुठं वाटलं व्हतं?"

बांधावरून आबांचं आणि चुलत्यांचं बोलणं तुटलं ते तुटलंच. आईच्या मातीलाही चुलते आले नव्हते.

आबांनी तीन फोल्डर केले. थोरला, धाकटा आणि बाई. बाई म्हणजे मी. माझं सासर दौंडचं, नवरा रेल्वेत. रविवारची एसटी धरून मी शिरूरला जायचे आणि आबांच्या शेजारी बसायचे. मदत म्हणून गेले तरी मला हात लावू देत नसत. फोटो उघडायचा, स्क्रीनला नाक टेकेल इतकं पुढं वाकायचं आणि बघत राहायचं. मग कंट्रोल एक्स, दुसऱ्या खिडकीत उडी, बाणांच्या बटणांनी फोल्डर, कंट्रोल व्ही. बोटं कधी चुकत नसत, वेळ जायचा तो बघण्यात. "ह्या दिवशी हिनं आमटी खारट केली व्हती," म्हणायचे आणि तो फोटो धाकट्याला जायचा. का, ते विचारायचं नाही.

मला ते बघवत नसे. प्रत्येक फोटोगणिक 'आई' नावाचं मूळ फोल्डर रिकामं होत होतं. आईच्या साड्या बायकांत वाटल्या तेव्हा कपाट असंच झालं होतं. मी घरी येऊन नवऱ्यावर चिडायचे. त्याचा काय दोष, पण चिडायचे.

एका सकाळी मी भाकरी थापत असताना आबांचा फोन आला. आवाज ओळखू येत नव्हता. "बाई, डोळं गेलं बघ."

"काय झालं? काहीच दिसत नाही का?"

"बाकीचं दिसतंय. गाडीवरचा फोटू तेवढा पुसट झालाय. त्योच एकटा."

गाडीवरचा फोटो म्हणजे कंपनीच्या गेटवरचा. आबा डबा घरी विसरले होते आणि आई तो घेऊन थेट रांजणगावला पोचली होती. लाल साडीत ती आबांच्या स्कूटरवर बसलेली, हातात डब्याची पिशवी, आणि तोंड उघडं. बाकी सगळ्या फोटोंत ती लग्नाकार्यात डोक्यावर पदर घेऊन ताठ उभी आहे. या एकाच फोटोत ती बोलते. ती काय बोलत होती तेही आबांनी आम्हाला कितीदा सांगितलेलं, "डबा म्होरंच व्हता की. डोळं हायेत का नुसती भोकं?"

"आबा, तुम्ही कंट्रोल एक्स दाबलं होतं का?"

"व्हय. पन कुनाला द्यावा ते ठरंना, म्हनून तसाच ठिवला."

तेव्हा माझ्या जिवात जीव आला. कट केलेली फाइल दुसरीकडं टाकेपर्यंत फिकीच दिसते. स्टोअरमध्ये आबा कट करून लगेच चिकटवायचे, मध्ये कधी थांबलेच नव्हते. म्हटलं, "डोळ्यांना काही झालेलं नाही. एस्केप दाबा."

बटणाचा आवाज मला फोनवर ऐकू आला.

"आली बघ," आबा म्हणाले. "हाय तशी हाय." आणि माझा बाप फोनवर रडायला लागला. तव्यावरची भाकरी करपली, तरी मला फोन ठेववला नाही.

पुढं सगळी वाटणी झाली, तो एक फोटो सोडून. आबा तो कट करायचे, तिन्ही फोल्डरांतून फिरून यायचे आणि एस्केप दाबायचे. मी म्हटलं, "राहू द्या की तुमच्याकडे." तर म्हणाले, "ज्याला दिसनार न्हाई त्याला हिस्सा देऊन काय उपेग?" इतका राग आला मला. पण कुणावर काढणार?

उन्हाळ्यात नजर भराभर उतरली. परवाच्या रविवारी गेले तर कीबोर्ड त्यांनी आपणहून माझ्याकडं सरकवला. "गाडीवरची लाव."

मी 'आई' उघडलं. आत तो एकच फोटो. आबा नेहमीसारखे पुढं वाकले.

"पुसट दिसतीया. तू कट केलंस व्हय?"

मी काही दाबलं नव्हतं. फोटो लख्ख दिसत होता, साडीचे काठसुद्धा.

"हो आबा. चुकून दाबलं गेलं."

"मंग एस्केप दाब."

मी त्यांना ऐकू जाईल असं जोरात दाबलं. आबा आणखी पुढं वाकले.

"आली का?" मी विचारलं.

"आली," आबा म्हणाले. "ही माज्या वाटनीची. हितंच राहू दे."

ते स्क्रीनच्या बाजूच्या भिंतीकडं बघत होते. मी बरं म्हटलं.