सात ते दहा मडकं कोणाकडे होतं

कळव्याच्या खाडीत रेतीच्या पाट्या वाहून मी चार पैसे जमवले आणि ठाण्यात स्टेशनजवळ नीरा विकायचा परवाना मिळवला. दारूबंदी नुकतीच कडक झाली होती. ऊन चढायच्या आत विकली तर ती नीरा. आंबली की दारू, आणि दारू सापडली की परवाना गेला.

दारूबंदीचे इन्स्पेक्टर रोज फुकट प्यायचे. एकदा मी चार लोकांदेखत म्हणालो, "साहेब, आज तरी पैसे काढा!"

दुसऱ्या दिवशी ते सातला आले. पेलाभर प्याले, उरलेलं मडकं जप्त करून उन्हातल्या बाकावर ठेवलं आणि समोरच्या हॉटेलात जाऊन बसले. मी बोंबलत होतो, पण त्यांचा शिपाई मडक्याला हात लावू देईना. दहाला साहेब उठून आले, तोवर मडकं फेसाने उतू चाललं होतं. मग त्यांनी नमुना घेतला.

वकिलाने फी कमी केली नाही, म्हणून कोर्टात मीच उभा राहिलो.

"साहेब, नीरा आंबवायचा माझा इरादा नव्हता."

"कायदा इरादा विचारत नाही," मॅजिस्ट्रेट म्हणाले. "तुझ्या मडक्यात दारू सापडली, पुरे."

मी इन्स्पेक्टरांकडे वळलो. "सातला प्यालात, तेव्हा गोड होती का?"

हॉटेलवाला माझा साक्षीदार म्हणून समोरच बसलेला. इन्स्पेक्टरांना खोटं बोलायची सोय नव्हती. "गोड होती."

"सात ते दहा मडकं कोणाकडे होतं?"

"...माझ्याकडे."

"मग दारू तुमच्या ताब्यात झाली. इरादा विचारायचाच नाही, तर या पिंजऱ्यात तुम्ही या!"

लोक खो खो हसले. मॅजिस्ट्रेटनी टेबलावर हात आपटला आणि इन्स्पेक्टरांना हळूच विचारलं, "तुमचा तसा काही हेतू नव्हता ना?"

"छे, साहेब."

त्यांचा हेतू लिहून घेतला गेला. मला दंड झाला, परवाना गेला.

तेव्हापासून दर सोमवारी मी वरच्या साहेबांना अर्ज धाडू लागलो. फुकटच्या एकेका पेल्याला एक अर्ज, साक्षीदारासकट. शेवटी चौकशी बसली, तसे इन्स्पेक्टर माझ्या दारात आले.

"अर्ज मागे घ्या, शेठ. परवाना परत मिळवून देतो."

'शेठ' मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं. परवाना मला हवा होता, फार हवा होता. आणि समोर आलेला सौदा मी तोवर कधी सोडला नव्हता.

"नोकरी जाईल हो माझी," ते म्हणाले.

"जाऊ दे की," म्हणालो, आणि दार लावून घेतलं.