शांतक्काचं शिळं पाणी

नातवाच्या बाप्तिस्म्यानंतर बायबलमधल्या पाण्याविषयी चार शब्द बोला, असं पाळकांनी सांगितलं तेव्हा मी मनातून फुलले. निवृत्त शिक्षिकेचे चार शब्द म्हणजे चार पानं. आरंभीच्या अथांग पाण्यावर वावरणारा देवाचा आत्मा, नोहाचा जलप्रलय, दुभंगलेला तांबडा समुद्र, माशाच्या पोटातला योना, लाटांवरून चालता चालता भ्यायलेला पेत्र, असं सगळं मी मळमड्डीतल्या आमच्या घरी स्वयंपाकघरात बसून लिहून काढलं. समुद्र म्हणजे माणसाची भीती आणि देव त्या भीतीला गप्प बसवतो, असा माझा मुद्दा होता. पण खरं सांगते, लिहिताना मनाला स्वस्थता नव्हती. शेजारच्या शांतक्काशी मी तीन महिने बोलत नव्हते. नळाला मोटर लावून ती आमच्या वाट्याचं पाणी ओढते, असं मी गल्लीत सगळ्यांदेखत म्हटलं होतं. प्रार्थनेला बसलं की तिचाच चेहरा समोर येई. मग मी प्रार्थनाच लवकर आटपत असे.

आमच्याकडे नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं. ते यायच्या दिवशी आधीचं शिळं पाणी ओतून द्यायचं आणि भांडी घासून ठेवायची, ही इथल्या बायकांची शिस्त. बाप्तिस्म्याच्या रविवारी सकाळी सहाला पाणी सुटणार होतं. मी पाचलाच उठून हंडे, पिंप, बादल्या सगळं रिकामं केलं आणि चिंचेने लख्ख घासलं. सात वाजले तरी नळ नुसता फुसफुसत राहिला. पाणी सोडणाऱ्याला फोन केला, तर मोठी पाइप फुटली आहे, उद्या बघू, म्हणाला. घरात मिरजेहून आलेले अकरा पाहुणे अंघोळीसाठी खोळंबलेले, आणि बाप्तिस्म्याचं पाणी बाळाच्या घरूनच न्यायची आमची रीत. जावई म्हणाले, दुकानातून बाटल्या आणतो. पण बाटल्यांनी अकरा माणसं धुऊन निघत नाहीत. चार पानं भरून समुद्र लिहिणाऱ्या बाईच्या घरात चूळ भरायला पाणी नव्हतं.

मी खुर्चीत बसून देवाला म्हटलं, काहीतरी कर. आठवली ती विहिरीवरची शोमरोनी बाई. तिच्या गोष्टीत समुद्र नाही म्हणून मी तिला भाषणातून गाळलं होतं. वादळाला गप्प करणारा प्रभू त्या दुपारी तहानलेला होता, आणि ज्या लोकांशी त्याच्या लोकांचा संबंध नव्हता, त्यांच्यातल्या एका बाईकडे त्याने स्वतः पाणी मागितलं. मला फार लाज वाटली. घागर घेऊन मी शांतक्काच्या फाटकाशी गेले.

शांतक्का कंबर धरून ओट्यावर बसली होती. रिकामी घागर पाहूनच तिला सगळं कळलं. तीही दर आठवड्याला पाणी ओतून देते, पण त्या दिवशी उठतानाच तिची कंबर धरली होती आणि घरातली टाकी तशीच भरलेली राहिली होती.

“न्या की टीचर,” ती म्हणाली. “तुमच्या देवाला तेवढं सांगा, पुढच्या खेपेला माझी कंबर सोडून दुसरं काही धर म्हणून.”

त्या शिळ्या पाण्याने अकरा पाहुणे न्हाले. त्यातलंच तांब्याभर आम्ही चर्चला नेलं, आणि पाळकांनी ते नातवाच्या कपाळावर सोडताच त्याने बेंबीच्या देठापासून भोकाड पसरलं. शेवटच्या बाकावर शांतक्का कमरेला पट्टा बांधून बसली होती. मी चारही पानं पर्समध्ये ठेवली आणि विहिरीवरच्या बाईची तेवढी गोष्ट सांगितली.

बाहेर आल्यावर मी शांतक्काचा हात धरला. “मोटरवरून मी तुम्हाला उगाच बोलले, अक्का. मला क्षमा करा.”

“उगाच कुठलं?” शांतक्का म्हणाली. “मोटर आहे की. एवढी टाकी कशानं भरली वाटलं तुम्हाला?”

मी चर्चच्या पायरीवर बसून हसत सुटले, आणि ती कंबर सांभाळत हसली. म्हणजे माझ्याच वाट्याचं पाणी देवाने आठ दिवस तिच्या टाकीत राखून ठेवलं होतं. ते कुठून आणि कुणाच्या हातून द्यायचं, हे त्या दिवसापासून मी त्याच्यावर सोपवलं आहे. आभार मात्र दोघांचे मानते.