जांभळ्या शिक्क्याची मुदत

पेणजवळच्या जोह्याच्या हिराबाईंवर अन्याय झाला तो नागपंचमीच्या दिवशी, दुपारी साडेबारा वाजता, रोह्यातल्या एका ट्रॅव्हल्सच्या ऑफिसात. वेळ मी मुद्दाम लिहिते. अन्याय "असाच कधीतरी" होत नसतो. त्याला वार असतो, घड्याळ असतं आणि टेबलापलीकडे बसलेला एक माणूस असतो.

प्रकरण असं. एका चहा कंपनीने योजना काढली: चहाच्या पुड्यांची चाळीस रिकामी वेष्टनं द्या आणि अष्टविनायक यात्रेच्या व्हिडिओ कोचमध्ये दोन सीटा फुकट मिळवा. हिराबाई गणपतीच्या कारखान्यात काम करतात. तिथे दिवसातून चार वेळा चहा होतो. त्यांनी वर्षभर वेष्टनं जमवली, रोह्याच्या त्या ऑफिसात देऊन कूपन मिळवलं. नागपंचमीला माती खणत नाहीत, मळत नाहीत, म्हणून कारखाना बंद होता. तेवढ्या सुट्टीत त्या रोह्याला गेल्या आणि गणपतीनंतरची तारीख मागितली. उत्तर मिळालं, कूपनावर तारीख आहे, मुदत चतुर्थीच्या आदल्या दिवशी संपते. म्हणजे ज्या दिवसांत जोह्यातल्या माणसाला धड जेवायलाही फुरसत नसते, त्याच दिवसांत यात्रेला जा, नाहीतर कूपन चुलीत घाला.

त्यांचं पत्र, सोबत ते कूपन, पुण्याला आमच्या ग्राहक मंडळात आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी एस.टी.त बसले.

खंडाळ्याच्या घाटात धुकं इतकं होतं की कंडक्टर दारात उभा राहून ड्रायव्हरला रस्ता सांगत होता. घाट उतरून खोपोलीला आलो आणि हवा एकदम ओली, कोमट झाली. पेणला स्टँडवर पोह्यांचा भाव ऐकून मी दोन गल्ल्या आत गिरणीवर गेले. तिथे तेच पोहे स्वस्त होते आणि वर हाताला गरम लागत होते. गिरणीवाल्याने मूठभर खायला दिले. पेणला गेलात तर पोहे गिरणीतच घ्या. याला वेष्टनं जमवावी लागत नाहीत.

जोह्याची एस.टी. भातशेतांमधून जाते. खाडीच्या बाजूची मिठागरं पावसाळ्यात पाण्याखाली होती, त्यांचे नुसते बांध दिसत होते. गावात शिरलं की प्रत्येक ओटीवर, पडवीत, ताडपत्रीखाली गणपती. पांढरे, गुलाबी, पीतांबर चढलेले, न चढलेले. शेकडो गणपतींमध्ये मी उभी होते आणि एकही माझ्याकडे बघत नव्हता, कारण डोळेच नव्हते. ते काम हिराबाईंचं. आखणी (मूर्तीचे डोळे रंगवणं) करणारं माणूस कारखान्यात एखादंच असतं.

पंचेचाळिशीची, बारीक चणीची बाई. हातातला ब्रश चार केसांचा. मान वर न करता त्या म्हणाल्या, "बस गो. येवढी रांग होऊंदे. मधी थांबले तर एक डोला रागीट होतो."

रांग झाल्यावर आम्ही जेवलो. तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं. श्रावणात याहून चांगलं जेवण मला कुठल्या हॉटेलात पैसे मोजून मिळालेलं नाही. जेवताना मी विचारलं, यात्रेचा एवढा ध्यास कशासाठी? नवस वगैरे?

"नवस नाय. अष्टविनायकात काय मूर्तींना रतनाचे डोले हायत म्हनतात. मी ईस वर्सं रंगाचे आखते. रतनाची नजर कशी लागते ती बघायची हाय."

जेवायला शेजारी बसलेल्या सासूबाईंनाही त्यांना न्यायचं होतं. त्यांनी जन्मभर या कारखान्यात माती मळली; आता गुडघे जेमतेम एवढं वर्ष साथ देतील, असं त्या स्वतःच हसत सांगत होत्या.

दुसऱ्या दिवशी मालकाने कुरकुरत हिराबाईंना सुट्टी दिली आणि आम्ही दोघी रोह्याला निघालो. वडखळला गाडी थांबली. मी थंड पेयाची बाटली घेतली तर दुकानदाराने छापील किमतीवर आठ आणे जास्त मागितले, "गार करण्याचे." गरम बाटली मला विकायची तुमची इच्छा होती का, असं मी विचारलं. मग त्याने काही विचारलं, मी काही सांगितलं, आणि तेवढ्यात घंटी वाजली. वळून बघते तर हिराबाई गाडीच्या पायरीवर एक पाय आणि रस्त्यावर एक पाय ठेवून उभ्या, आणि कंडक्टरला शांतपणे सांगताहेत, "माझी पोरगी पुन्याची हाय. तिचा भांडून व्हायचाय." आठ आणे वाचले. नागोठण्यापर्यंत अख्खी गाडी माझ्याकडे बघून हसत होती.

रोह्याला कुंडलिका काठोकाठ भरून वाहत होती. पुलावर दोन मिनिटं थांबलो. केमिकल कंपनीची शिफ्ट सुटलेली, सायकलींची रांग वरसे गावाकडे चालली होती. ट्रॅव्हल्सचं ऑफिस त्याच रस्त्यावर. मालक प्रकाशशेठ गोड बोलणारा माणूस. आधी चहा मागवला, मग धंद्याचं रडगाणं: डिझेल वाढलं, रोह्याच्या पुढे रेल्वेचे रूळ पडताहेत, गाडी थेट कोकणात गेली की आमच्या बसमध्ये कोण बसणार. मी मुद्द्यावर आले. मुदत अन्यायाची आहे म्हटलं. तो म्हणाला, मुदत कंपनीची, मी हुकमाचा ताबेदार. मी ग्राहक मंचाचं नाव घेतलं. "खुशाल जा, मॅडम," तो म्हणाला, "तिथली तारीख लागेपर्यंत दोन गणपती येतील." मी कूपन काढून त्यावरच्या अटी पुन्हा वाचू लागले.

हिराबाईंनी कूपन माझ्या हातातून घेतलं. खिडकीकडे धरलं.

"शेठ, ही तारीख छापाची नाय. रंग येगला हाय."

मी ते कूपन पुण्यात दहा वेळा वाचलं होतं. शब्द वाचले होते. रंग वाचला नव्हता. हिराबाईंनी बशीत सांडलेल्या पाण्यात बोट बुडवलं आणि तारखेवरून फिरवलं. बोट जांभळं झालं. तारीख पसरली आणि तिच्याखाली काळ्या बारीक अक्षरात छापलेलं जसंच्या तसं राहिलं: कूपन दिल्यापासून एक वर्ष. त्यांनी ते बोट टेबलावरच्या शिक्क्याच्या पॅडशेजारी नेऊन ठेवलं. एकच जांभळा.

शेठने पॅडचं झाकण मिटलं. मग कबूल झाला. गणपतीनंतर पूर्ण भाड्याचे प्रवासी येतात, फुकटवाल्यांना सीटा द्याव्या लागू नयेत म्हणून शिक्का त्यानेच बनवून घेतला होता. त्याने दोन सीटा कार्तिकातल्या, खिडकीच्या, स्वतःच्या हाताने लिहून सही करून दिल्या. मग चाचरत विचारलं, "बाई, तुम्ही जोह्याच्या कुठल्या कारखान्यातल्या?" हिराबाईंनी सांगितलं. त्याचा चेहराच उतरला. त्याच्या घरची मूर्ती दरवर्षी तिथूनच येत होती.

"सिंहासनावरची, दीड फुटी, लाल शेला," हिराबाई म्हणाल्या. "तिचे डोले आजच आखायचे होते."

"मग आता?"

"आता काय? उद्या आखीन. चांगले मोठे आखते. तुमी कोनाच्या कागदावर काय मारता, ते त्याला नीट दिसूंदे."

तो आधी ओशाळला, मग मोठ्याने हसला, आणि आम्हीही. स्टँडपर्यंत पोचवायला स्वतः आला.

परतीच्या एस.टी.त माझ्या मांडीवर पोह्यांची पिशवी होती आणि मन शांत होतं, जे माझ्या स्वभावाला धरून नाही. पत्रकं वाटून वाटून मला वाटू लागलं होतं की लोकांना वाचायला शिकवायचं काम माझं. जोह्याने ती समजूत खोडून काढली. कार्तिकात सासू-सुना यात्रा करून आल्या. पोस्टकार्डावर हिराबाईंचा निकाल होता: रतन झगमगतं खरं, पण पापणी आमचीच बरी.

आता तुम्ही. त्या ऑफिसातून गेलेलं एकच कूपन मी पुसून पाहिलंय. बाकीची तुमच्या कपाटांत आहेत, कपड्यांच्या घडीखाली, मुदत संपली म्हणून पडून राहिलेली. उठा, काढा, ओलं बोट फिरवा. बोट जांभळं झालं तर आम्हाला पत्र लिहीत बसू नका. तो कागद आणि ते बोट घेऊन त्याच टेबलासमोर जा, आणि तारीख घेतल्याशिवाय हलू नका.