शकूताईंचा डावा हात

शकूताई कुठेही बसण्याआधी ती जागा हाताने झटकून घेत. सोफा असो, शाळेतला बाक असो, नाही तर विमानतळावरची चकचकीत खुर्ची. डाव्या हाताचा तळवा तिच्यावरून एकदा फिरलाच पाहिजे. आमच्या घरी पहिल्यांदा आल्या तेव्हा आईने नुकतीच अंथरलेली स्वच्छ सतरंजी त्यांनी अशी काही झटकली की आईचा चेहराच उतरला. ते त्यांच्या लगेच लक्षात आलं. "राग मानू नका हां मावशी," त्या म्हणाल्या, "तुमची सतरंजी चांगली हाय. माझ्या हातालाच खोड हाय." आणि मग तिथेच मांडी घालून त्यांनी आईकडून लिंबाच्या लोणच्याची कृती काढून घेतली.

त्या मूळच्या पिंपळगाव बसवंतच्या. मुलांच्या शिक्षणासाठी मोरे कुटुंब नव्वदीच्या सुरुवातीला नाशिकला आलं आणि आमच्या शेजारचा बंगला त्यांनी घेतला. अण्णा, म्हणजे त्यांचे यजमान, गावाकडच्या बागेतली द्राक्षं परदेशी पाठवू लागले होते. धंद्यातली मोठी माणसं गोल्फच्या मैदानावर भेटतात असं त्यांना कुणीतरी सांगितलं. अण्णांनी क्लबाचं सभासदत्व घेतलं, काठ्यांचा अख्खा संच घेतला, पांढरी टोपी घेतली आणि पहिल्याच दिवशी पहिल्याच फटक्याला त्यांची कंबर धरली. पुढचा आठवडा ते पलंगावर उताणे होते. काठ्यांची ती बॅग दिवाणखान्यात फ्रीजशेजारी उभी राहिली.

शकूताईंना सगळं चालत असे, पण घेतलेली वस्तू नुसती पडून राहिलेली चालत नसे. "माझ्या जिवाला घोर लागतो बाई," त्या म्हणत. धाकट्याने हौसेने आणून सोडून दिलेली बाजाची पेटी त्यांनी अशीच दोन वर्षं वाजवली होती आणि आम्ही शेजाऱ्यांनी ती सोसली होती. त्यामुळे एका रविवारी त्या सलवार-कमीजवर मुलाचे बूट घालून ती बॅग जीपमध्ये टाकताना दिसल्या, तेव्हा मला नवल वाटलं नाही. उलट पेटीपेक्षा हे बरं, असंच वाटलं. त्या तेव्हा चाळिशीला टेकल्या होत्या. मी शाळेत गणित शिकवत असे, लग्न झालेलं नव्हतं, आणि रविवार मला खायला उठत असे. "चल मास्तरीणबाई, चेंडू हुडकायला कुणी पायजे," असं म्हणून त्यांनी मलाही गाडीत घातलं.

शहराबाहेरच्या माळावरचं ते मैदान तेव्हा अगदी साधं होतं. चेंडू ज्या भोकात घालायचा, त्याच्याभोवती हिरवळ असते असं चित्रात दिसायचं. आमच्याकडे पाण्याची बोंब, म्हणून तिथे बारीक वाळूत जळकं ऑइल कालवून थापलेलं काळपट गोल अंगण असे. त्याला ब्राउन म्हणत. त्यावर माणसांच्या बुटांचे आणि कावळ्यांच्या पायांचे ठसे उठत. म्हणून शेवटचा हलका फटका मारण्याआधी चेंडूपासून भोकापर्यंतची वाट सारखी करून घ्यायची, हा तिथला रिवाज होता आणि नियमही. त्यासाठी दोरी बांधलेली फळी ठेवलेली असे. शकूताई फळीला हात लावत नसत. त्या वाकून आपल्या डाव्या तळव्याने ती वाट झटकत. घरी येताना हात काळाकुट्ट.

पहिले काही महिने त्यांचा फटका चिंचा पाडल्यासारखा होता. मग तो सुधारला, आणि इतका सुधारला की पाच-सहा वर्षांत क्लबातल्या पुरुषांना त्यांच्याबरोबर खेळायचं म्हटलं की अचानक कामं आठवू लागली. मी एकदा विचारलं, हे जमलं कसं? म्हणाल्या, "चेंडू काय आपला दुस्मान नाय. त्याला मारायचं नाय, वाटेला लावायचं." माझ्या हातून मात्र तो कधी वाटेला लागला नाही.

पुढे देशात बायकांच्या व्यावसायिक स्पर्धा सुरू झाल्या. त्यात उतरायचं तर आधी एक पात्रता स्पर्धा पार करून कार्ड मिळवावं लागे. शकूताई पंचेचाळिशीच्या पुढे गेलेल्या, आणि बाकीच्या मुली त्यांच्या सुना शोभतील अशा वयाच्या. तरी त्यांनी नाव घातलं. मी म्हटलं, "ताई, आता या वयात कशाला हा ताप?"

"तिथं पयल्या चेंडूला माइकवर नाव पुकारत्यात," त्या म्हणाल्या. "पुरं नाव. गावाला मी अण्णांची मंडळी, हितं मोरे वहिनी, शाळेत ह्याची नायतर त्याची आई. शकुंतला म्हणून कुणी हाक मारलेली मला आठवतच नाय बघ. एकदा ऐकायचंय."

अण्णांनी मात्र अट घातली. "एकदा जाऊन ये," ते म्हणाले, "नाही जमलं तर बास. थोरल्याचं लग्न काढायचंय, लोक विचारतात वहिनी कुठं असतात." शकूताईंनी मान डोलावली. म्हणजे संधी एकच होती.

पात्रता स्पर्धा पुण्याला होती, थंडीत. बॅग उचलायला मी गेले. शेवटच्या दिवशी सकाळी त्या इतक्या सुरेख खेळत होत्या की मला गणित येत असूनही मी आकडे मोजायला घाबरत होते. तिसऱ्या की चौथ्या होलवर, खऱ्या हिरवळीवर, चेंडू भोकापासून चार हातांवर थांबला. गवतावर पांढरं दव पडलेलं. शकूताई वाकल्या आणि काही कळायच्या आत डावा तळवा चेंडूपासून भोकापर्यंत फिरला. दवात एक हिरवी रेघ उमटली. मग त्यांनी चेंडू सरळ त्या रेघेवरून आत घातला.

मी टाळी वाजवणार होते. पण त्या आपल्या ओल्या हाताकडे बघत तशाच उभ्या होत्या. सोबतच्या दोघी मुली पाठ करून पुढे निघाल्या होत्या. कुणीच काही पाहिलं नव्हतं. शकूताईंनी हाक मारून त्यांना थांबवलं आणि पंचांना बोलावून घेतलं. "साहेब, मी दव पुसलं," त्या म्हणाल्या. "आमच्याकडं वाट झाडून घेत्यात. हितं नाय चालत ना?"

नाही चालत. गवतावर पडलेलं पान उचललेलं चालतं, दव पुसलेलं चालत नाही. दोन फटक्यांचा दंड बसला. संध्याकाळी निकाल लागला तेव्हा शकूताईंचं कार्ड एका फटक्याने हुकलं होतं.

परतताना आम्ही नारायणगावला मिसळ खायला थांबलो. शकूताईंनी सवयीने बाक झटकला, हाताकडे पाहिलं, आणि "मेल्या, तुला काय म्हणू!" असं हातालाच म्हणून मोठ्याने हसल्या. आणि हसता हसता रडू लागल्या. त्यांना रडताना मी पाहिलं ते तेवढंच. मिसळ मात्र त्यांनी सगळी संपवली, पाव वाया जाऊ नये म्हणून माझाही खाल्ला.

घरी अण्णा वाट बघत होते. सगळं ऐकून त्यांनी विचारलं, "कुणी पाहिलं नव्हतं ना? मग सांगितलंस कशाला?"

"मी पाह्यलं ना," शकूताई म्हणाल्या आणि भाकरी टाकायला आत गेल्या.

त्या आठवड्यात अण्णा पिंपळगावला मुक्कामाला गेले. पंधरा दिवसांनी त्यांनी आम्हा दोघींना तिथे नेलं आणि बागेच्या कोपऱ्यात उभं केलं. भर बहरातल्या द्राक्षांच्या दोन ओळी मुळासकट काढून टाकल्या होत्या. तिथे बारीक हिरवळीचे गड्डे लावले होते आणि वेलींचं ठिबक वळवून गवताला दिलं होतं. द्राक्षवाल्या माणसाने मालाने लगडलेला वेल उपटणं म्हणजे काय, हे आमच्या भागात सांगावं लागत नाही. "हिथं पहाटं लय दव पडतं," अण्णा दुसरीकडे बघत म्हणाले. "हाताला वळण लाव."

पुढचं वर्षभर शकूताईंनी त्या तुकड्यावर वळण लावलं. हिरवळीवर पाय ठेवला की डावा हात पाठीमागे कमरेवर बांधल्यासारखा ठेवायचा, आणि फटक्याच्या वेळीच पुढे आणायचा. दुसऱ्या हिवाळ्यात त्यांना कार्ड मिळालं. थोरल्याचं लग्नही झालं. लोकांनी वहिनी कुठे असतात ते विचारलं आणि अण्णांनी छाती पुढे काढून सांगितलं.

पहिल्या स्पर्धेला मी होतेच. माइकवरून आवाज आला, "शकुंतला मोरे, नाशिक." त्या जागच्या हलेनात. मला वाटलं ऐकू आलं नाही, म्हणून मी जवळ गेले. "थांब गं," त्या पुटपुटल्या, "जरा कानात राहू दे." मग त्यांनी फटका मारला आणि चेंडू थेट झाडीत गेला. इतक्या आनंदाने झाडीत शिरलेलं माणूस मी पाहिलेलं नाही.

त्या पाच-सहा वर्षं खेळल्या. जिंकल्या कधीच नाहीत. बऱ्याचदा मधे कुठेतरी असत, एकदा पहिल्या दहांत आल्या आणि गल्लीत पेढे वाटले. पाठीमागे ठेवलेला त्यांचा हात मात्र सगळ्यांच्या ओळखीचा झाला होता. एका नवख्या मुलीने विचारलं, ताई, हे कसलं तंत्र? "लय भारी तंत्र हाय," शकूताई म्हणाल्या, "दोन ओळी बाग गेली त्याच्यापायी."

माझ्यावर त्यांचे उपकार आहेत आणि ते मी सांगितलेच पाहिजेत. चाळिशी उलटल्यावर शाळेतल्या एका विधुर शिक्षकांनी मला विचारलं होतं. लोक हसतील म्हणून मी नाही म्हणायला निघाले होते. शकूताई म्हणाल्या, "उशिरा छाटलेल्या बागेला माल उशिरा येतो, पर येतो. लोकं काय, ती मलाबी हसली. मग दमली." माझा संसार त्या दोन वाक्यांवर उभा आहे. त्यांना तसं सांगितलं की त्या "चल, काहीतरीच" म्हणत आणि विषय बदलत.

दोन हजारचं दशक संपता संपता त्यांना आजाराने गाठलं. शेवटचे दिवस त्यांनी पिंपळगावच्या घरी काढले. खिडकीतून तो हिरवा तुकडा दिसेल असा पलंग अण्णांनी लावला होता. मी भेटायला गेले तेव्हा त्या फार थकलेल्या होत्या, बोलणंही कष्टाने. बसायला खुर्ची नव्हती, म्हणून मी पायथ्याशी उभीच राहिले. त्यांनी मला जवळ बोलावलं. मग इतकी वर्षं पाठीमागे धरून ठेवलेला तो डावा हात चादरीवरून सावकाश फिरला, एका सरळ रेषेत, आणि माझ्यापुरती जागा साफ झाली.

"बस," शकूताई म्हणाल्या. "हितं दंड नाय."