बोर्डावरची एक मात्रा

शाल, श्रीफळ आणि सत्कार हे शब्द कुणी एका दमात उच्चारले की मला आजही मळमळतं. लोक म्हणतात, हिचे नखरेच भारी. असू देत. त्यांनी सुरतजवळच्या उधन्यातला तो सत्कार पाहिलेला नाही आणि त्यात मी काय केलं, तेही त्यांना ठाऊक नाही.

माझी मावशी बॅले करायची. म्हणजे अख्खी गोष्ट नाचून सांगायची, तोंडातून शब्द नाही. धुळ्याकडच्या आमच्या खेड्यातून सोळाव्या वर्षी पळाली ती थेट मुंबईच्या एका नृत्यमंडळीत. आधी मागच्या रांगेतलं झाड, मग हरिणी, मग मुख्य भूमिका, असं करत करत रशिया-जपानपर्यंत नाचून आली. पेपरात फोटो यायचे. आमच्या घरात मात्र तिचा विषय काढायची सोय नव्हती. वडील उधन्यात कापडाच्या लूमवर कामाला होते, घरात आम्ही अहिराणी बोलायचो आणि मावशीसाठी वडिलांकडे एकच शब्द होता, 'नाचनारी'. जेवताना दाताखाली खडा आल्यासारखा तो शब्द ते थुंकायचे.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी चौदा वर्षांची होते आणि मला नाचायचंच होतं. आईने चोरून बहिणीला कळवलं, तिचं उत्तर आलं की पोरीला माझ्याकडे पाठव, मी शिकवते. वडिलांनी ते पत्र चुलीत घातलं.

आणि मग मावशीला कुठलासा मोठा पुरस्कार मिळाला. झालं! आमच्या खानदेशी मंडळाला एका रात्रीत साक्षात्कार झाला की ही बाई तर आपली. मंडळाचे प्रमुख, सुताचे व्यापारी, कधी आमच्या दारात न फिरकलेले, पान चघळत घरी आले. "बाईंचा सत्कार करू. समाजाचं नाक आहे." वडिलांची छाती फुगली. शी! काल नाचनारी, आज नाक. पण त्याच भरात ते मला म्हणाले, "समाज तिले मान देवाव शे, तर तुलेबी धाडसू तिनाकडे." मी रडलेच. माझं सगळं त्या एका संध्याकाळवर आलं.

मावशी आदल्या दिवशी आली. दुपारी म्हणाली, "जरा पायांना तेल लाव गं." मी पाय मांडीवर घेतले आणि हात आखडला. नखं काळीनिळी, दोन तर नव्हतीच, टाचेला भेगा, अंगठ्याखाली रुपयाएवढा घट्टा. मागच्या खाडीत सोडलेल्या कापडरंगाच्या पाण्याचा वास खिडकीतून येत होता, त्यात हे पाय. "किळस आली ना?" ती हसली. "येऊ दे. आता तुझे दाखव." माझी पावलं तिने उलटसुलट करून पाहिली, बोटं ताणली. "चांगले आहेत. आता हे खराब करायचे." इतकं प्रेमाने मला तोवर कुणी काही बोललं नव्हतं.

बोर्ड रस्त्याच्या तोंडाशी लागणार होता, गुजरातीत. पेंटरला द्यायची चिठ्ठी मीच लिहिली होती, कारण मंडळाने सांगितलं होतं आणि मी गुजराती शाळेत होते. 'प्रख्यात बेले डान्सर.' सत्काराच्या दिवशी शाळेतून येताना पाहते तर काय, पेंटरने केलं होतं 'बेली डान्सर'. एक मात्रा फक्त. पण तेव्हा घरोघर केबल आलेली, पोट हलवणाऱ्या बाया कुणाला ठाऊक नव्हत्या? मी धावत प्रमुखांच्या दुकानात गेले. त्यांनी कोपऱ्यात पिचकारी मारली, हनुवटीवरचा ओघळ मनगटाने पुसला आणि हसले. "राहू दे गं. गर्दी तर होईल!"

वडिलांना सांगितलं असतं तर कार्यक्रम बंद, आणि माझं जाणंही बंद.

संध्याकाळी आम्ही चौघं निघालो. बोर्डाखाली मावशी थांबली. तिला गुजराती वाचता येत नव्हतं, आईवडिलांनाही नाही. घरातली सगळी गुजराती कागदपत्रं मीच वाचून दाखवायचे. "काय लिहिलंय गं?" मावशीने विचारलं.

"प्रख्यात बॅले नर्तिका यांचा भव्य सत्कार," मी घडाघडा वाचलं. वडिलांनी सदरा सारखा केला.

बोर्डाची बातमी ऐकून मैदानात पार सचिन गावापासूनचे पुरुष टेम्पो भरभरून आलेले. बाया चार. मावशी साध्या पांढऱ्या सुती साडीत वर आली आणि शिट्ट्या सुरू झाल्या. शाल दिली, नारळ दिला, मग प्रमुख माइकवर, "आता बाई एक झलक दाखवतील." तिला वाटलं, यांना खरंच पाहायचंय. पाडसासाठी शिकाऱ्यासमोर उभी राहणारी हरिणी तिने सुरू केली. अनवाणी, गाण्याशिवाय. दोन मिनिटं लोक बावचळले. मग कुणीतरी ओरडलं, "अरे, पेट दिखाव!" आणि अख्खं मैदान खिदळलं. "बाई, जरा फास्ट होऊन जाऊ द्या," असं प्रमुख माइकवरून म्हणाले, मेल्याने स्वतः! ती थांबली नाही. हरिणी मरेपर्यंत नाचली. वडील त्याआधीच उठून गेले होते.

"दखं ना?" घरी ते कडाडले. "हाऊच मान? ह्यानाकरता धाडू का तुले?"

आबा, बोर्ड चुकला होता. एवढंच म्हणायचं होतं. पण मग तो मीच वाचून दाखवला होता, हेही निघालं असतं.

मावशी पाय चोळत बसली होती. इतके देश फिरून आलेली ती बाई मला हळूच विचारते, "माझं काही चुकलं का गं नाचताना?"

"नाही मावशी. लोकच वाईट," मी म्हटलं. आजही ते वाक्य आठवलं की मला स्वतःची शिसारी येते.

पहाटे तिने वडिलांना गाठलं. "दाजी, मला काय बोलायचं ते बोला, पोरीचं नुकसान करू नका." तासभर ती विनवत होती. शेवटी वडील भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "ली जाय." घेऊन जा! आईने माझ्या दोन फ्रॉकची पिशवी भरली.

आम्ही दोघी कोपऱ्यावर रिक्षासाठी उभ्या राहिलो. चहावाला ओरडला, "लो, बेली डान्सरवाळां बेन तो चाल्यां!"

मावशी वळली. "काय म्हणालास?"

"लख्युं छे ने," त्याने बोर्डाकडे बोट केलं. "बेली डान्सर."

तिने त्या अक्षरांकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "तू शाळेत गुजरातीच शिकतेस ना गं?"

"हो," मी म्हटलं.

रिक्षा आली. ती आत बसली आणि माझ्यासाठी सरकली नाही. शेजारच्या जागेवर तिने आपली बॅग ठेवली.