घ्यायचं राहिलेलं नाव

आमच्या घरी देवीला विचारल्याशिवाय पान हलत नाही. तिच्या मुकुटावर शेवंतीचं फूल ठेवायचं, हात जोडायचे. उजवीकडे पडलं तर होकार, डावीकडे पडलं तर नकार. भातकुलीजवळ आमची फुलशेती आहे. पोरींची लग्नं, बोअरची जागा, सगळं असंच ठरलं. आमचे मालक आणि मी झेंडू घेऊन अकोल्याच्या बाजारात गेलो आणि ते तिथेच पोट धरून कोसळले, तेव्हाही दवाखान्यात पोचल्याबरोबर मी दिराला फोन लावला आणि म्हटलं, आधी फूल ठेवा.

डॉक्टर सांगत होते, आतडं फुटलंय, आत्ताच ऑपरेशन करावं लागेल, खात्री मात्र देता येत नाही, सही करा. माझा हात काही उठेना. नाही म्हटलं तर माणूस जाणार. हो म्हटलं आणि टेबलावरच गेला, तर? दिराचा फोन आला, "वहिनी, फूल पडूनच नाही राह्यलं. अडकलं वाटते." मी डॉक्टरांना म्हटलं, थोडं थांबा. काय सांगू, देवीआई, जन्मभर बोललीस आणि नेमकी त्याच दिवशी तुझी दातखिळी बसली!

शेजारच्या खाटेवर एक म्हातारी होती, अगदी अत्यवस्थ. तिची लेक, माझ्याच वयाची, तिच्या उशाशी बसून हळू आवाजात बुद्धवंदना म्हणत होती. ती उठून माझ्याजवळ आली. "काहून थांबली वं?" मी फुलाचं सांगितलं. हसेल असं वाटलं होतं, पण हसली नाही.

"हे पाह्य बाई, मले देवी-बिवी समजत नाही. पण तुई देवी खरी असन, तर ते काय फुलात अडकून बसन? समज, तिनंच मले धाडलं. कर सही."

रागावून बोलली, सख्ख्या बहिणीसारखी. मी सही केली. त्यांना आत नेलं. त्या ताईने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मी वंदना म्हणतानी तुया मालकाचं मंगल मागीन. तू तुया देवीजवळ माह्या मायचं नाव घेजो." मी म्हटलं, "घेईन, ताई."

मग मी बाकावर बसून देवीला हाका मारत राहिले. यांना वाचव, माझं कुंकू राख, एवढंच. डॉक्टर बाहेर आले, म्हणाले, वाचले. मी रडले, हसले, आणि ताईला सांगायला वॉर्डाकडे अक्षरशः पळत सुटले. खाट रिकामी होती. आया चादर बदलत होती. म्हणाली, "म्हातारी गेली. आत्ताच नेली घरी."

तेव्हा मला आठवलं. माझ्या तोंडून त्या माउलीसाठी एक शब्द निघाला नव्हता. मी मागितलं असतं तर ती जगली असती, असं मी म्हणत नाही. ते माझ्या हातात कधीच नव्हतं. पण जिची स्वतःची आई जात होती, तिने माझ्या माणसासाठी मागितलं. आणि मी, जन्माची भाविक, माझ्यापलीकडे पाहूच शकले नाही. ही रुखरुख काही जात नाही.

घरी आलो तेव्हा फूल अजून मुकुटाच्या खाचेत अडकलेलं होतं, सुकून गेलेलं. सासूबाई म्हणाल्या, तूच काढ. काढलं, कपाळाला लावलं. देवी मुकी नव्हतीच. ती अकोल्यात वऱ्हाडी बोलीत मला रागे भरून गेली होती. तेव्हापासून मी फूल वाहते, पण विचारत काही नाही. ती करेल ते खरं.

मालक आता मळ्यात हिंडतात. रोज त्यांच्याकडे बघून हात जोडले जातात. पण देवीपुढे बसले की आधी त्या म्हातारीसाठी डोळे मिटते. नाव घेईन म्हणून शब्द दिला होता ना? आणि तिचं नाव काय, हे विचारायचंही मला सुचलं नव्हतं.