मोरचूद नव्हे, माझ्या मायचा दगड

अन्याय माझ्या मायवर झाला. दिवाळीनंतरच्या दुसऱ्या सोमवारी, संध्याकाळी साडेपाचला, सौंसरच्या बाहेरच्या एका संत्र्याच्या बागेत, पाच बायांच्या देखत. बागवाल्याने तिच्या डब्याच्या पिशवीतून निळा दगड काढला आणि म्हणाला, "मोरचूद चोरून राहिली का व?"

दिवस-वेळ टिपायची सवय मला चळवळीची पत्रकं काढून लागली. पण ही गोष्ट पत्रकात मावत नाही.

संत्र्याच्या बुंध्यांना मोरचूद आणि चुन्याचा लेप लावतात. माय हे काम वीस वर्षं करते आहे. मोरचूद तांब्याचंच, निळंच. पण तिचा दगड वेगळा. माझा मामा बालाघाटकडच्या तांब्याच्या खाणीत होता. नोकरी सोडताना तिथल्या साहेबाने त्याला तो आठवण म्हणून दिला, त्याने बहिणीला आणून दिला. अ‍ॅझुराइट म्हणतात. क्वचित सापडतो. लिंबाएवढाच, पण उचलला की हात खाली जातो. दौतीच्या तळाशी उरलेल्या शाईसारखा निळा. एका कडेला हिरवी झाक आली आहे. वर्षानुवर्षं गेली की तो असाच हळूहळू हिरवा होत जातो. पूर्वी चित्रकार हा कुटून रंग करायचे, हे मी मायला वाचून दाखवलं तर म्हणाली, "कुटून? हात कसे धजले व त्याइचे?"

निळा आमच्या घरात परका नाही. झेंड्याचा तोच, दाराचाही तोच. तरी माय हा दगड रोज पदराने पुसायची. त्या दिवशी बरोबरच्या बायांना दाखवायला म्हणून बागेत घेऊन गेली होती, इतकंच.

"हे मोरचूद नाही जी, भाऊ. माह्या भावानं देल्ला दगड हाय."

"निळं तांबं त माह्या बागेत हाय, बाई. तुह्या घरी कुठून आलं?"

मी तिला न्यायला नुकतीच पोचले होते. तोंड उघडलं असतं तर घोषणाच बाहेर पडली असती. मायने माझं मनगट धरलं. "तू गप राय. इथं भाषण नाही लागत."

तिने प्लास्टिकचे दोन मग पाण्याने भरले. एकात बागवाल्याच्याच पोत्यातलं चिमूटभर मोरचूद टाकलं, दुसऱ्यात आपला दगड. पहिलं पाणी निळं होत गेलं. दुसरं जसंच्या तसं. मग तिने विळा मागितला. लेपात चुना पुरेसा पडला का, हे बागेत असंच पाहतात: घासलेलं पातं बुडवायचं, त्यावर तांबूस थर धरला तर चुना कमी. मोरचुदाच्या पाण्यात पातं तांबडं झालं. ते घासून तिने दगडाच्या पाण्यात धरलं. आम्ही सगळ्या वाकून पाहत होतो. पात्यावर काही नाही.

"पाहा जी मालक," एक बाई म्हणाली, "तुमचाच इळा साक्ष देऊन राहिला!"

बाया हसल्या. माय हसली नाही.

"बरं बरं, जा आता, उशीर होते," म्हणून तो मोटारसायकलवर बसला.

घरी आल्यावर मायने दगड फडक्यात गुंडाळून पेटीच्या तळाशी ठेवला. मी म्हटलं, बाहेर राहू दे ना. म्हणाली, "पाह्यला का त्याचं बोलणंच आठोते."

आठ दिवसांनी बागवाला मला बसस्टँडवर भेटला. आवाज बारीक करून म्हणाला, "तुह्या मायले सांगजो, मनात नोको ठेवू म्हणून." मी निरोप दिला. ती कणीक मळत होती. मान वर न करता म्हणाली, "मले काय सांगते? पाच जणी होत्या तवा. त्याइच्यासमोर बोल म्हणा."

तो अजून बोललेला नाही. दगड अजून पेटीत आहे.

आता तुम्हाला सांगते. तुमची बाग असेल, दुकान असेल, घरी कामाला येणारी बाई असेल. चारचौघांत तुम्ही कुणाला चोर म्हटलं असेल आणि ती चोर निघाली नसेल, तर निरोप पाठवू नका. उद्या सकाळी, काम सुरू व्हायच्या आधी, त्याच चौघांसमोर उभे राहा आणि "माझं चुकलं" असं मोठ्याने म्हणा.